अरुण जेटली यांची कंपनी कर आणि उद्योगांच्या सवलतींविषयीची भूमिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ फेब्रुवारी २०१५ रोजी लोकसभेत अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी कंपनी कराचा मूळ दर पुढील चार वर्षांत ३० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या पाच टक्क्यांचीच चर्चा झाली. मात्र त्या घोषणेला एक अट जोडलेली होती : दर कमी होईल तसतशा कंपन्यांना मिळणाऱ्या करसवलती आणि सूट काढून घेतल्या जातील. या दोन बाजूंचा एकत्र विचार केल्याशिवाय जेटली यांची भूमिका समजत नाही, आणि त्यांच्यावर झालेली टीका व स्तुती यांतील बरीचशी एकाच बाजूकडे पाहून झालेली आहे. या विषयावर वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

जेटली यांची मूळ भूमिका काय होती?

कागदावरचा दर चढा ठेवायचा आणि सवलतींच्या वाटेने तो निम्म्यावर सोडून द्यायचा, या व्यवस्थेत सरकारचे दोन्हीकडून नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ च्या भाषणात त्यांनी सांगितले की ३० टक्क्यांचा मूळ दर आशियातील इतर मोठ्या अर्थव्यवस्थांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे भारताची ओळख चढ्या करांचा देश अशी होते. प्रत्यक्षात मात्र कंपन्यांकडून नफ्याच्या सरासरी २३ टक्केच कर हाती येतो. सवलतींमुळे दबावगट तयार होतात, खटले वाढतात, महसूल बुडतो आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीला अनावश्यक वाव मिळतो, हे त्यांनी त्याच भाषणात नोंदवले. वकिलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातील खटल्यांचा मुद्दा विशेष जाणवला असावा, असे आम्हाला वाटते.

करसवलत म्हणजे अनुदानच का? सरकार तर कंपनीला पैसे देत नाही.

तिजोरीच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही. सरकारने शंभर रुपये कर घेऊन त्यातले वीस परत दिले काय किंवा मुळात ऐंशीच घेतले काय, तिजोरीत सारखीच रक्कम उरते. फरक पडतो तो हिशेबाच्या उघडेपणात. अनुदानाची तरतूद दरवर्षी संसदेपुढे मागणी म्हणून मांडावी लागते. करसवलत मात्र एकदा कायद्यात शिरली की तिच्यावर पुन्हा मतदान होत नाही. म्हणूनच २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून सोडून दिलेल्या महसुलाचे स्वतंत्र विवरणपत्र जोडले जाऊ लागले. जेटली यांच्या काळात त्याचे नाव बदलून करप्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम असे करण्यात आले. २०१४-१५ साठी कंपन्यांच्या बाबतीत हा आकडा सुमारे ६२ हजार कोटी रुपये दाखवला गेला होता, आणि त्यातील सर्वात मोठी बाब वाढीव घसाऱ्याची, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणाऱ्या जादा वजावटीची होती.

वाढीव घसारा हे या सवलतींचे सर्वात चांगले उदाहरण आहे. एक कोटी रुपयांच्या पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळाला, तर नफ्यातून ८० लाख रुपये वजा होतात आणि ३० टक्के दराने २४ लाखांचा कर त्या वर्षापुरता टळतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या १५ टक्के दराने हीच बचत साडेचार लाखांची झाली असती. हा कर कायमचा माफ होत नाही, पुढील वर्षांत घसारा उरत नसल्याने तो हळूहळू भरावा लागतो. पण तोवर ती रक्कम सरकारकडून मिळालेले बिनव्याजी कर्जच ठरते. त्यामुळे सोडून दिलेल्या महसुलाचा पूर्ण आकडा कंपन्यांना वाटलेली खिरापत म्हणून सांगणे चुकीचे आहे. त्याचबरोबर त्यात अनुदानाचा काहीच अंश नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे.

ही कल्पना जेटली यांची स्वतःची होती का?

नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००२ मध्येच देशी कंपन्यांसाठी ३० टक्क्यांचा दर आणि त्याच्या मोबदल्यात सवलतींची छाटणी सुचवली होती. पी. चिदंबरम यांनी २००५ मध्ये दर ३५ वरून ३० टक्क्यांवर आणला, परंतु छाटणीचा भाग बहुतांशी मागेच राहिला. जुन्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेण्यासाठी आखलेल्या प्रत्यक्ष कर संहितेच्या २००९ मधील पहिल्या मसुद्यात २५ टक्क्यांचा दर होता. २०१० च्या विधेयकात तो पुन्हा ३० टक्के झाला. जेटली यांनी ती संहिता आहे त्या रूपात पुढे नेण्यात अर्थ नाही असे सांगून बाजूला ठेवली, पण तिच्यातील हा विचार मात्र उचलला. पक्ष बदलले तरी अर्थ मंत्रालयातील विचार सलग राहिला, याचे हे ठळक उदाहरण आहे.

त्यांनी नेहमी सवलतींना विरोधच केला का?

नाही. १० जुलै २०१४ च्या पहिल्या अर्थसंकल्पात त्यांनी सवलती वाढवल्या होत्या. नव्या यंत्रसामग्रीवर १५ टक्के गुंतवणूक भत्ता मिळण्यासाठी चिदंबरम यांच्या काळात किमान १०० कोटींची गुंतवणूक आवश्यक होती. जेटली यांनी ही मर्यादा वर्षाला २५ कोटींवर आणली. वीज निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या प्रकल्पांना मिळणारी दहा वर्षांची करमाफी ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवली. २०१२ मध्ये बंद झालेला पवनचक्क्यांवरील वाढीव घसारा पुन्हा सुरू केला. सात महिन्यांनी सवलतींमुळे दबावगट तयार होतात असे सांगणारे मंत्री हेच होते.

यामागे एक समजण्यासारखे कारण आहे. सरकार येऊन जेमतेम दीड महिना झाला होता, खासगी गुंतवणूक थंडावली होती आणि तो अर्थसंकल्प मोठ्या प्रमाणावर आधीच्या चौकटीतच तयार झाला होता. तरीही अभ्यासकाने २०१४ आणि २०१५ यांच्यातील हा बदल झाकू नये. २०१५ नंतरसुद्धा नवउद्योगांना, म्हणजे स्टार्टअपना, पाचपैकी तीन वर्षे नफ्यावर शंभर टक्के वजावट २०१६ मध्ये त्यांनीच दिली. सवलतींना तात्त्विक विरोध असला तरी रोजगार किंवा नव्या उद्योगांचा प्रश्न आला की त्याला अपवाद निघत असत.

दर प्रत्यक्षात कसा खाली आला?

तुकड्यातुकड्याने, आणि खालून वर. १ मार्च २०१६ किंवा त्यानंतर नोंदलेल्या उत्पादन कंपन्यांना, त्यांनी ठरावीक वजावटी व वाढीव घसारा सोडून दिल्यास, २५ टक्क्यांचा पर्याय मिळाला. ज्या कंपन्यांची उलाढाल पाच कोटींपर्यंत होती त्यांचा दर त्याच वर्षी २९ टक्के झाला. २०१७ च्या अर्थसंकल्पात ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २५ टक्के दर लागू झाला. विवरणपत्र भरणाऱ्या ६.९४ लाख कंपन्यांपैकी ६.६७ लाख, म्हणजे ९६ टक्के कंपन्या त्यात आल्या आणि वर्षाला ७,२०० कोटींचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज देण्यात आला. २०१८ मध्ये मर्यादा २५० कोटींवर गेली आणि कंपन्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांवर पोहोचले. ३० टक्क्यांच्या दरात सुमारे सात हजार मोठ्या कंपन्याच उरल्या, पण कराचा मोठा भाग त्याच भरत असल्याने खर्चिक निर्णय त्यांच्याविषयीचाच होता, आणि तो जेटली यांच्या कारकिर्दीत झाला नाही.

येथे एक बारकावा आहे, जो चर्चेत सहसा येत नाही. २०१६ मधील नव्या उत्पादन कंपन्यांसाठीचा पर्याय ‘सवलत सोडा, दर घ्या’ या तत्त्वावर होता. २०१७ आणि २०१८ मधील उलाढालीवर आधारलेली कपात मात्र बिनशर्त होती. या कंपन्यांना दरही कमी मिळाला आणि सवलतीही राहिल्या. छोट्या उद्योगांना दिलासा देण्याचा हेतू रास्त होता, पण ज्या सौद्यावर संपूर्ण भूमिका उभी होती तो या ठिकाणी सुटला, असे आमचे मत आहे. शिवाय उलाढालीची रेषा ओलांडली की साऱ्या नफ्यावरचा दर एकदम पाच टक्क्यांनी वाढतो, हा दोष अशा रचनेत असतोच.

म्हणजे त्यांच्या काळात मोठ्या कंपन्यांचा कर कमी झाला का?

नाही, तो किंचित वाढला. ‘सूटबूट की सरकार’ ही राहुल गांधी यांनी २०१५ मध्ये केलेली टीका आणि भांडवलदारांना कर माफ केला हा आरोप ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे उत्तर अनपेक्षित वाटते, म्हणून हिशेब देतो. २०१४-१५ मध्ये दहा कोटींहून अधिक उत्पन्न असलेल्या देशी कंपनीवर ३० टक्के मूळ दर, त्यावर १० टक्के अधिभार आणि त्यावर ३ टक्के उपकर होता, एकूण ३३.९९ टक्के. २०१५ मध्ये जेटली यांनी अधिभार १२ टक्के केला, त्यामुळे एकूण दर ३४.६१ टक्के झाला. २०१८ मध्ये उपकर ४ टक्के झाल्यावर तो ३४.९४ टक्क्यांवर पोहोचला. त्यांनी मंत्रालय सोडले तेव्हा मोठ्या कंपन्यांचा दर त्यांच्या आगमनाच्या वेळेपेक्षा जवळपास एका टक्क्याने अधिक होता. याउलट एक कोटीपेक्षा कमी उत्पन्नाच्या छोट्या कंपनीचा एकूण दर ३०.९ वरून २६ टक्क्यांवर आला.

लाभांश वितरण कराची, म्हणजे कंपनी भागधारकांना वाटत असलेल्या नफ्यावरील कराची, आकारणी २०१४ मध्ये ढोबळ रकमेवर होऊ लागल्याने त्याचाही भार वाढला, आणि २०१६ पासून वर्षाला दहा लाखांपेक्षा अधिक लाभांश मिळवणाऱ्या व्यक्तींवर आणखी १० टक्के कर लागला. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला हे खरे. पण तो सारा मिळून वर्षाला सुमारे १,००८ कोटीच देत होता आणि त्याऐवजी लावलेल्या दोन टक्के वाढीव अधिभारातून नऊ हजार कोटी अपेक्षित होते.

अधिभार आणि उपकर केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत, ही बाजूही येथे सांगितली पाहिजे. मूळ दर कमी करायचा आणि अधिभार वाढवायचा, यातून राज्यांचा वाटा आक्रसतो. महाराष्ट्रासारख्या राज्याने या मुद्द्यावर अधिक आग्रहाने बोलायला हवे होते.

कोणत्या सवलती खरोखर काढल्या गेल्या?

नोव्हेंबर २०१५ मध्ये सवलती टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आराखडा लोकांपुढे ठेवला गेला आणि २०१६ च्या वित्त कायद्याने त्याला आकार आला. पद्धत अशी होती की ज्या सवलतीला अंतिम तारीख आहे ती वाढवायची नाही, जिला नाही तिला तारीख द्यायची, आणि मिळत असलेला लाभ मध्येच तोडायचा नाही. विशेष आर्थिक क्षेत्रात ३१ मार्च २०२० नंतर काम सुरू करणाऱ्या घटकांना नफ्यावरील करमाफी मिळणार नाही असे ठरले. संशोधन व विकासावरील २०० टक्के वजावट एप्रिल २०१७ पासून १५० टक्के आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्के करण्यात आली. मुंबईच्या औषध कंपन्या आणि पुण्याच्या वाहन कंपन्यांना हा बदल थेट जाणवला. वाढीव घसाऱ्यावर एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांची कमाल मर्यादा आली.

या शेवटच्या निर्णयाचे परिणाम समजण्यासाठी साताऱ्यातील पाटण तालुक्यात वनकुसवडेचे पठार किंवा धुळ्यातील साक्री तालुक्याचा डोंगराळ भाग पाहावा. तेथे उभ्या असलेल्या कितीतरी पवनचक्क्यांचे मालक वीज क्षेत्रातले नाहीत. इतर धंद्यातील नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी त्यांनी पवनचक्की घेतली. अशा मालकाला चक्की किती फिरते यापेक्षा ती कोणत्या आर्थिक वर्षात उभी राहते याची अधिक काळजी असते. सवलतीमुळे पवनऊर्जा उभी राहिली हे मान्य करूनही, विजेच्या उत्पादनाऐवजी यंत्राच्या खरेदीला बक्षीस देणारी ती रचना सदोष होती, आणि मर्यादा घालण्याचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

छोट्या कंपन्यांना आधी कपात का दिली?

कारण सवलतींचा फायदा मोठ्यांनाच जास्त मिळत होता. २०१७ च्या भाषणात दिलेल्या आकडेवारीनुसार एक कोटीपेक्षा कमी नफा असलेल्या कंपन्या सरासरी ३०.२६ टक्के कर भरत होत्या, तर ५०० कोटींपेक्षा जास्त नफ्याच्या कंपन्या २५.९० टक्के. ज्या कंपनीकडे सल्लागारांची फौज आणि यंत्रसामग्रीत गुंतवायला भांडवल आहे, तिला कायद्यातील प्रत्येक वजावट सापडते. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या छोट्या कंपनीला ती सापडत नाही. सवलतींविरुद्धचा न्यायाच्या दृष्टीने सर्वात सबळ युक्तिवाद हाच आहे, आणि जेटली यांनी तो आकड्यांनिशी संसदेपुढे मांडला ही त्यांची जमेची बाजू आहे.

माझी भागीदारी संस्था आहे. मला या कपातीचा लाभ मिळाला का?

मिळाला नाही. भागीदारी संस्था आणि मर्यादित दायित्व भागीदारी यांचा दर ३० टक्केच राहिला. छोट्या कंपन्यांना सक्षम करण्याबरोबरच भागीदारी संस्थांनी कंपनीचे स्वरूप स्वीकारावे, हाही आपला हेतू आहे असे जेटली यांनी २०१७ च्या भाषणात स्पष्ट सांगितले होते. आपल्याकडील यंत्रमाग, ओतशाळा आणि व्यापारी पेढ्यांपैकी फार मोठा भाग भागीदारी किंवा एकल मालकीचा असल्याने ‘९६ टक्क्यांना लाभ’ हे वाक्य ऐकताना ते कंपन्यांपैकी ९६ टक्के आहेत, उद्योगांपैकी नव्हेत, हे लक्षात ठेवावे.

राज्य सरकारच्या अनुदानांविषयी त्यांची भूमिका काय होती?

महाराष्ट्रातील उद्योजकांसाठी हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. तालुक्याच्या मागासलेपणानुसार वर्गवारी करून विदर्भ, मराठवाडा, कोकण अशा भागांत जाणाऱ्या उद्योगाला अधिक प्रोत्साहन द्यायचे, ही तिची रीत आहे. या अनुदानावर प्राप्तिकर लागतो का, यावरून अनेक दशके खटले चालले. अनुदान कोणत्या हेतूने दिले गेले हे पाहून न्यायालये निकाल देत असत : उद्योग उभारण्यासाठी असेल तर ती भांडवली जमा, म्हणून करमुक्त, चालू धंद्याला हातभार म्हणून असेल तर महसुली जमा, म्हणून करपात्र.

२०१५ च्या वित्त कायद्याने उत्पन्नाची व्याख्याच बदलली. केंद्र किंवा राज्य सरकारकडून रोख किंवा वस्तुरूपात मिळालेले अनुदान, प्रोत्साहन, परतावा, सूट हे सर्व उत्पन्नच मानले जाईल असे ठरले. मालमत्तेच्या किमतीतून वजा होणारे अनुदान तेवढे वगळले. स्वयंपाकाच्या गॅसच्या अनुदानावरही कर लागेल अशी भीती त्या वेळी पसरली आणि सामान्य ग्राहकाला तसा कर लागणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील एका मल्टिप्लेक्सच्या प्रकरणात करमणूक करातून मिळालेली सूट भांडवली जमा आहे असा निकाल दिला, पण तो जुन्या वर्षांपुरता होता. नव्या वर्षांना नवी व्याख्याच लागू होते.

परिणामी राज्याने औद्योगिक प्रोत्साहन अनुदान म्हणून शंभर रुपये दिले, तर त्यातील पंचवीस-तीस रुपये केंद्राच्या तिजोरीत जातात. गडचिरोली किंवा नंदुरबारला कारखाना न्यावा म्हणून राज्याने आपल्या करदात्यांच्या पैशातून दिलेल्या प्रोत्साहनाचा हिस्सा दिल्लीने घ्यावा, हे आम्हाला पटत नाही. वाद मिटावेत ही जेटली यांची इच्छा खरी होती, पण त्याची किंमत मागास तालुक्यांना मोजावी लागली.

वस्तू व सेवा कर आल्यावर डोंगराळ राज्यांतील करमाफीचे काय झाले?

ईशान्येकडील राज्ये, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर येथील कारखान्यांना उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी होती. १ जुलै २०१७ ला उत्पादन शुल्क वस्तू व सेवा करात विलीन झाले. नव्या करात माफी ठेवली तर आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट पुढे मिळत जाण्याची साखळीच तुटते, म्हणून जेटली यांनी माफी बंद केली. पण दिलेला शब्द मोडू नये म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये परताव्याची योजना जाहीर केली. पात्र कारखान्याने रोखीने भरलेल्या केंद्रीय कराच्या ५८ टक्के आणि एकात्मिक कराच्या, म्हणजे राज्याबाहेरील विक्रीवरच्या कराच्या, २९ टक्के रक्कम त्याला परत मिळणार होती. हा ५८ चा आकडा आला कसा? केंद्राच्या करातील ४२ टक्के राज्यांना जात असत, उरलेला ५८ टक्के वाटाच केंद्राच्या हाती राहत असे. ४,२८४ कारखान्यांसाठी मार्च २०२७ पर्यंत २७,४१३ कोटींची ही तरतूद होती.

आमच्या दृष्टीने जेटली यांच्या भूमिकेचे हे सर्वात स्वच्छ रूप आहे. अदृश्य करमाफी गेली आणि तिच्या जागी रक्कम, मुदत व लाभार्थी ठरलेले उघड अनुदान आले.

साखर कारखान्यांविषयी काही निर्णय झाला होता का?

होय. सहकारी साखर कारखान्यांनी उसाला दिलेला जादा दर हा खर्च नसून सभासदांना वाटलेला नफा आहे, असे सांगून प्राप्तिकर विभाग कर आकारत असे, आणि या मागण्यांखाली महाराष्ट्रातील अनेक कारखाने दबले होते. २०१५ च्या वित्त कायद्याने, सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत दिलेली उसाची किंमत खर्च म्हणून वजा मिळेल असे नमूद केले. पण ही तरतूद १ एप्रिल २०१६ पासून पुढे लागू झाली. मागील वर्षांची टांगती तलवार तशीच राहिली. ती २०२३ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी दूर केली आणि सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळाला. शेतकऱ्याला दिलेली उसाची किंमत हा कारखान्याचा खर्च आहे हे साधे सत्य कायद्यात पूर्णपणे उतरायला इतकी वर्षे लागायला नको होती.

पूर्वलक्षी कराबाबत त्यांनी शब्द पाळला का?

अर्धवट. मुंबईतील मोबाइल कंपनीच्या विदेशात झालेल्या विक्रीवरून व्होडाफोनकडे ११ हजार कोटींहून अधिक कराची मागणी झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये विभागाच्या बाजूने, तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर प्रणव मुखर्जी यांनी कायदाच मागील तारखेपासून बदलला. विरोधी पक्षात असताना जेटली आणि त्यांचा पक्ष याला कर-दहशतवाद म्हणत. मंत्री झाल्यावर त्यांनी पूर्वलक्षी बदलाने नवे दायित्व निर्माण करणार नाही अशी ग्वाही दिली, पण २०१२ ची दुरुस्ती रद्द केली नाही. २०१५ मध्ये केर्न या तेल कंपनीवर १० हजार कोटींहून अधिक मागणी त्याच कायद्याखाली निघाली. २०१६ मध्ये मूळ कर भरल्यास व्याज आणि दंड माफ करण्याची योजना आणली गेली, पण त्याने हे मोठे वाद मिटले नाहीत. २०२० मध्ये दोन्ही आंतरराष्ट्रीय लवाद भारताविरुद्ध गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो कायदा मागे घेण्यात आला. प्रचंड बहुमत असताना २०१४ मध्येच हे करता आले असते.

उद्योगपतींची कर्जे माफ केल्याच्या आरोपाला त्यांचे उत्तर काय होते?

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी लिहिले की सरकारने बड्या थकबाकीदारांचे कोणतेही कर्ज माफ केलेले नाही. बँकेने कर्ज निर्लेखित करणे ही ताळेबंद स्वच्छ करण्याची कृती असते. कर्जदाराचे दायित्व त्याने संपत नाही आणि वसुली चालूच राहते. २०१६ ची दिवाळखोरी संहिता आणि थकबाकीदार प्रवर्तकांना स्वतःचीच कंपनी परत घेण्यास मनाई करणारी २०१७ ची दुरुस्ती ही त्यांच्या बाजूची ठोस कामे आहेत. शब्दाच्या अर्थाने ते बरोबर होते. पण वसूल न झालेल्या कर्जांचा खड्डा भरण्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांना २.११ लाख कोटींचे भांडवल देण्याची घोषणा करावी लागली, आणि त्यातील मोठा भाग सरकारी रोख्यांतून, म्हणजे अखेर करदात्याच्या जबाबदारीवर उभा राहिला. कर्जमाफी झाली नाही हे जितके खरे, तितकेच नुकसान जनतेने सोसले हेही खरे.

कंपन्यांच्या राजकीय देणग्यांचा या विषयाशी संबंध आहे का?

आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सवलतींमुळे दबावगट निर्माण होतात असे सांगणाऱ्या अर्थमंत्र्यांनीच २०१७ च्या वित्त कायद्यात कंपन्यांच्या देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आणले. रोख देणग्यांपेक्षा बँकेतून आलेला पैसा बरा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना आणि अमर्याद देणग्यांची तरतूद दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. कोणत्या कंपनीला कोणती सवलत मिळाली हे नागरिकाला दिसते, पण त्या कंपनीने कोणाला किती दिले हे दिसत नाही, अशी स्थिती सात वर्षे राहिली.

२५ टक्क्यांचे आश्वासन शेवटी पूर्ण झाले का?

झाले, पण जेटली यांच्या निधनानंतर. प्रकृतीच्या कारणाने ते मे २०१९ मध्ये मंत्रिमंडळाबाहेर राहिले आणि २४ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिना उलटण्याआधी, २० सप्टेंबरला, वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या निर्मला सीतारामन यांनी पणजीत पत्रकार परिषद घेऊन वटहुकूम जाहीर केला. सवलती सोडणाऱ्या कोणत्याही देशी कंपनीला २२ टक्के, अधिभार व उपकरासह २५.१७ टक्के दर मिळाला. नव्या उत्पादन कंपन्यांसाठी मूळ दर १५ टक्के झाला. वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज होता. कंपनी कराची वसुली २०१८-१९ मधील ६.६३ लाख कोटींवरून २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटींवर आली.

तत्त्व जेटली यांचेच होते, सवलत आणि दर यांतील निवड कंपनीवर सोपवलेली होती. वेग मात्र त्यांचा नव्हता. त्यांनी चार वर्षांत, तिजोरी सांभाळत उतरायचे ठरवलेले अंतर एका दिवसात कापले गेले, आणि तेही मागणी मंदावलेली असताना, जेव्हा नव्या कारखान्यांना करापेक्षा गिऱ्हाइकांची वाण होती.

त्यानंतरची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना त्यांच्या भूमिकेशी सुसंगत आहे का?

२०२० मध्ये मोबाइलपासून सुरू होऊन १४ क्षेत्रांपर्यंत पोहोचलेली, १.९७ लाख कोटी रुपयांची ही योजना उघड अनुदान आहे : तरतूद संसदेपुढे येते, मुदत ठरलेली असते आणि वाढीव विक्री झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. या तिन्ही बाबतीत ती जुन्या करमाफीपेक्षा सरस आहे आणि २०१७ च्या परतावा योजनेच्या जवळची आहे. मात्र जेटली यांच्या सौद्यात कमी दर हा सवलतींचा मोबदला होता. १५ टक्क्यांचा दर आणि प्रोत्साहनाची रक्कम या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीला मिळू शकत असतील, तर तिने त्या बदल्यात काय सोडले हा प्रश्न उरतोच, आणि तो संसदेत दरवर्षी या योजनेच्या तरतुदीवर मतदान होताना विचारला गेला पाहिजे.